समर स्कूलला निवड झालीय, पण आमच्या काळ्या रानाचं तिथं काय?

ढेकूळ

नमस्कार मंडळी. मी परभणीकडचा, मृदाशास्त्रात पीएचडीचं दुसरं वर्ष. उपग्रहावरून जमिनीतली ओल मोजण्यावर युरोपात एक आंतरराष्ट्रीय समर स्कूल आहे, सप्टेंबरात, दहा दिवसांचं. अर्ज टाकला होता, निवड झाली. फी माफ आहे, तिकिटाची जुळवाजुळव चालू आहे.

वेळापत्रक पाहिलं तर सगळी उदाहरणं तिकडची. स्पेनमधलं ड्युएरोचं खोरं, फ्रान्सचा नैऋत्य भाग, डेन्मार्क. बऱ्याच ठिकाणी हलकी, रेताड जमीन. आमच्या रानात निम्म्याहून जास्त चिकणमाती, मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. बाबांनी विचारलं, "तिकडं जाऊन वाफसा कळणार का तुला?" मला उत्तर सुचलं नाही. (वाफसा म्हणजे औत घालायला, पेरायला जमिनीत नेमकी ओल असणं.)

जावं का? गेलो तर काय तयारी करावी? आणि तिथं प्रयोगशाळा आहे म्हणे, मग मातीचे नमुने सोबत न्यावेत का?

बॅग_भरो

निवड झाल्यावर जावं का विचारतोस? जा की. व्हिसाचं तेवढं आत्ताच बघ. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण लोक शेवटच्या पंधरवड्यात पळतात आणि मग रडतात. आमंत्रणपत्रावर फी माफीचा उल्लेख करून घे.

सीनाकाठ

अरे-तुरे करते, चालेल ना? वयाने बरीच मोठी आहे.

आधी मातीचं, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडता पडता वाचलेय. नेऊ नकोस. बाहेरच्या देशांतली माती युरोपीय संघात न्यायला बंदी आहे, रोग-किडी सोबत येतात म्हणून. मी २०१६ साली अशाच एका शाळेला गेले, तेव्हा लोणच्याच्या बरणीशेजारी मातीच्या सहा डब्या भरल्या होत्या. आदल्या रात्री मैत्रिणीने फोनवर सहज विचारलं, "माती चालते का गं?" शोधलं तर नाही चालत. रात्री अकराला सहाही डब्या तुळशीत ओतल्या. लोणचं मात्र पोचलं.

न्यायचे ते आकडे. १०० घनसेंटिमीटरची, ५ सेंमी उंचीची कोअरची नळी (मातीचा अखंड नमुना काढायची) घे. सपाट जागा बघून ठोक, कडा सुरीने साफ कर, लगेच वजन कर. मग १०५ अंशांवर २४ तास भट्टीत, परत वजन. माझ्या वहीतलं एक उदाहरण देते, नळीचं वजन वजा करून: ओली १५० ग्रॅम, वाळलेली १२८. म्हणजे पाणी २२ ग्रॅम. वाळलेल्या वजनाच्या हिशेबाने १७ टक्के, नळीच्या १०० घनसेंटिमीटर आकारमानाच्या हिशेबाने २२. उपग्रहाचा आकडा आकारमानाचा असतो. आपल्याकडे कित्येक जण वजनाचा टक्का त्याच्याशेजारी ठेवतात आणि उपग्रह चुकला म्हणतात. शिवाय काळी माती फुगते-आकसते, तिची घनता प्रत्येक वेळी वेगळी भरते. एकदा मोजून वर्षभर तीच वापरलीस तर फसशील. आणि नळी भेगेवर ठोकू नकोस.

नमुने पहाटे सहाच्या आसपास घे. स्मॅप, म्हणजे नासाचा ओल मोजणारा उपग्रह, साधारण तेव्हाच डोक्यावरून जातो. त्या वेळी माती आणि पीक यांचं तापमान जवळपास सारखं असतं, हिशेब सोपा जातो.

आता 'तिकडची उदाहरणं'. दुसऱ्या दिवशीच्या सरावात नकाशा रंगवायचा होता. २२ टक्क्यांना निळा रंग, म्हणजे छान ओल. मी म्हटलं, आमच्याकडे या आकड्याला तूर माना टाकते. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, पुरावा? मी वही उघडली. रेतीत २२ टक्के म्हणजे पाणी झिरपून जातंय. आपल्या चिकणमातीत तेवढं पाणी कणांनी इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की मुळांच्या हाती फारसं लागत नाही. बाईंनी तो तास तिथेच थांबवला आणि रंगाची पट्टी मातीच्या पोतानुसार बदलून परत काढायला लावली. दोन आठवड्यांत मला सर्वांत जास्त त्या एका तासात मिळालं, आणि ते केवळ वही होती म्हणून.

शेतातल्या दिवशी मी त्यांना वाफसा समजावायला गेले. शब्द सापडेना. शेवटी मूठभर माती उचलली, दाबून लाडू केला, कमरेइतक्या उंचीवरून सोडला. फुटला तर वाफसा, चपटा होऊन बसला तर अजून चिखल, असं सांगायचं होतं. पण तिथल्या रेताड मातीचा लाडूच होईना! मग ब्राझीलचा एक, केनियाची एक, सगळे उकिडवे बसून लाडू वळायला लागले. ओल मोजायच्या यंत्राची सळई बाजूला पडून राहिली.

तुझ्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे, हसण्यावारी नेऊ नकोस. स्मॉस (युरोपचा तसाच उपग्रह, २००९ पासून) आणि स्मॅप (२०१५ पासून) एल-बँडवर, म्हणजे लांब लहरींवर चालतात. त्यांना दिसतात ती वरची साधारण ५ सेंमी, म्हणजे तीन बोटं. वाफसा बघतात तो नांगराच्या फाळाइतका खोल. पावसानंतर दोन दिवस वारं सुटलं की वरची तीन बोटं सुकतात आणि खाली बैलाचा पाय रुततो. शिवाय स्मॅपचा एक चौकोन ३६ किलोमीटरचा, म्हणजे १,२९,६०० हेक्टर. त्यात तुमचं रान कुठं? त्याच उपग्रहावर बारकाईने बघणारं रडारही होतं, ते सोडल्यानंतर काही महिन्यांतच, जुलै २०१५ मध्ये, बंद पडलं. अजूनही हळहळ वाटते.

सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह बारीक बघतो, पण त्याची लहर आखूड, साडेपाच सेंटिमीटरची. नांगरून ठेवलेल्या रानातलं मुठीएवढं ढेकूळ (तुझं नाव बघून हसू आलं) त्याला खडबडीत दिसतं, आणि कोरडं रानही ओलं असल्यासारखं उजळ येतं. म्हणून नमुन्यासोबत रानाची अवस्था लिहून ठेव: नांगरट झालीय, वखरलंय, पेरलंय. फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेव.

स्नॅप, म्हणजे उपग्रहाची चित्रं तपासायचं सॉफ्टवेअर, घरूनच उतरवून घे, फुकट आहे. आमच्या शाळेत निम्म्या लोकांचे पहिले दोन दिवस ते बसवण्यातच गेले. वायफायवर वीस जण, कुणाचंच होईना.

कोरडवाहू

मी शेतकरी, तुमच्यातला नाही. एकच विचारतो. उद्या पेरू का नको, हे तुमचा उपग्रह सांगेल का?

सीनाकाठ

नाही, दादा. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा कृषी विभागाचा जुना सल्लाच धरा, आणि खोऱ्याने उकरून ओल कुठवर गेलीय ते बघा. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला. त्यातही एल-बँड आहे, पण तो बराच बारीक बघतो. तरी त्याची फेरी १२ दिवसांची. तुमची पेरणी १२ दिवस थांबत नाही.

कोरडवाहू

खरं बोललात, बरं वाटलं.

ढेकूळ

ताई, खूप आभार. नळ्या विभागातूनच मिळाल्या. परवा रात्री चांगला पाऊस झाला, काल पहाटे सहाला रानात गेलो. बाबा मागोमाग आले, काही न बोलता त्यांनीही मूठभर माती उचलली. लाडू सोडला, तो पोळीसारखा बसला. "अजून तीन दिवस औत घालायचं नाही," म्हणाले आणि चहाला गेले.

आज भट्टीतून काढली. ओली १५८, वाळलेली ११५. त्रेचाळीस टक्के.

बाबांना आकडा सांगितला. म्हणाले, "मग मी काय म्हटलं होतं?"