एकच राज्य, दोन निकाल : प्रायमरी आणि कॉकसचे तुमचे अनुभव

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुण्यात राज्यशास्त्र शिकते. परवा फोनवर तिने विचारलं, "मावशी, २००८ मध्ये हिलरी टेक्ससमध्ये जिंकल्या का हरल्या?" मी तेव्हा टेक्ससमध्येच होते, नागरिकत्व मिळाल्यावरची माझी पहिली निवडणूक होती ती. तरी मला एका वाक्यात सांगता येईना. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी अमेरिकेत प्रायमरी किंवा कॉकस, किंवा दोन्ही जवळून पाहिलंय, त्यांनी वर गावाचं नाव टाकून आपापला अनुभव लिहा.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. प्रायमरी म्हणजे आपल्या ओळखीचं मतदान. दिवसभरात कधीही जा, गुप्त मत द्या, घरी या. कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी वॉर्डाच्या सभेला हजर राहायचं आणि बहुतेकदा सगळ्यांसमोर आपला उमेदवार सांगायचा. दोन्हींतून ठरतात ते डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला मत देणारे प्रतिनिधी.

सुरुवात मीच करते.

२००८ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात चुरस होती. टेक्ससमध्ये पक्षाचं तेव्हा प्रायमरी आणि कॉकस दोन्ही असायचं, तेही एकाच दिवशी. ४ मार्चला सकाळी मी प्रायमरीचं मत दिलं आणि संध्याकाळी सव्वासातला त्याच शाळेत कॉकसला परत गेले. मतदानाची रांग संपल्याशिवाय सभा सुरू करता येत नव्हती, त्यामुळे आम्ही शाळेच्या कॅफेटेरियात ताटकळत उभे. माझ्यापुढे आमच्याच गल्लीतली एक बाई होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. ती हिलरींची कट्टर समर्थक. साडेआठला बाळ रडायला लागलं, ती माझ्याकडे बघून हताशपणे हसली आणि निघून गेली. रात्रपाळीचे दोघे भाऊ तर त्याआधीच गेले होते. कॉलेजची मुलं मात्र भिंतीला टेकून, जमिनीवर वह्या पसरून निवांत बसलेली. शेवटी एक कागद फिरला: नाव, पत्ता, उमेदवार, सही. त्या बाईचं सकाळचं मत मोजलं गेलं होतं. संध्याकाळच्या कागदावर तिचं नाव नव्हतं.

राज्यभराचा हिशोब असा. प्रायमरीत हिलरींना जवळपास ५१ टक्के, ओबामांना साडेसत्तेचाळीस. एक लाख मतांची आघाडी, पण डेलिगेट ६५ विरुद्ध ६१. कॉकसमधून ओबामांना ३८, हिलरींना २९. बेरीज ओबामा ९९, हिलरी ९४.

आघाडी एक लाखाची आणि डेलिगेट फक्त चार जास्त, हे मला कित्येक दिवस उमगलं नव्हतं. प्रायमरीचे १२६ डेलिगेट राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांत वाटलेले होते. जिथे आधीच्या निवडणुकांत पक्षाला जास्त मतं पडली तिथे जास्त डेलिगेट. त्यात ऑस्टिन आणि ह्युस्टनचे ओबामांना मानणारे भाग वरचढ ठरले. जिथे चारच डेलिगेट, तिथे ५५-४५ ने जिंकूनही वाटणी दोन-दोन. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर मतं लागतात.

रेडमंड, वॉशिंग्टन

ताई, तुमच्या त्या बाळाच्या आईचं वाचून राहवलं नाही. मी नर्स आहे. आमच्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे) डेमोक्रॅटिक पक्षाचं २०१६ चं कॉकस २६ मार्चला, शनिवारी सकाळी दहाला होतं, ईस्टरच्या आदल्या दिवशी. माझी ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. कामामुळे येता येत नसेल तर आधी अर्ज भरून आपली पसंती कळवायची सोय होती, पण मला कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. नवरा गेला. त्या वर्षी उमेदवारीसाठी हिलरींसमोर बर्नी सँडर्स होते. तो सँडर्सचा, मी हिलरींची.

मे महिन्यात प्रायमरीची मतपत्रिका पोस्टाने घरी आली. आमच्याकडे सगळं मतदान पोस्टानेच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काळ्या पेनाने गोल भरला, बाहेरच्या पाकिटावर पक्षाच्या चौकोनात खूण करून सही केली. त्या प्रायमरीत डेमोक्रॅट्सची आठ लाख मतं पडली आणि हिलरी ५२ टक्के मतं मिळवून जिंकल्या. कॉकसला आले होते सुमारे २ लाख ३० हजार, आणि तिथे सँडर्सना जवळपास ७३ टक्के. डेलिगेट कॉकसवरूनच ठरले: सँडर्स ७४, हिलरी २७. माझ्या मतपत्रिकेने एकही डेलिगेट इकडचा तिकडे झाला नाही. सरकारी खर्चाने मतदान घ्यायचं, आठ लाख लोकांना बोलवायचं आणि निकाल बाजूला ठेवायचा, याचा मला आजही राग येतो.

ठाणे

पण मग कोर्टात कुणी जात नाही का? आपल्याकडे असं झालं असतं तर...

रेडमंड, वॉशिंग्टन

दादा, डेलिगेट कसे निवडायचे हे बहुतांशी पक्षच ठरवतो. राज्य सरकारने प्रायमरी घेतली तरी तिचा निकाल धरायचाच, असं बंधन पक्षावर नव्हतं.

सिअॅटल

मी त्याच शनिवारी कॉकसमध्ये होतो आणि त्याची बाजू मांडायला हवी असं मनापासून वाटतं. चौदा वर्षं त्या गल्लीत राहूनही समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांशी माझं "हॅलो"पलीकडे बोलणं नव्हतं. त्या दिवशी एका टेबलाशी बसून आम्ही आरोग्य विम्यावर अर्धा तास बोललो. लहानपणी सातारा जिल्ह्यात गावच्या ग्रामसभेला आजोबांबरोबर जायचो, त्याची आठवण झाली. अनोळखी पेटीत कागद टाकून ही ओळख होत नाही. नर्सताईंचा राग मला पटतो, तरीही.

ओमाहा, नेब्रास्का

आमच्याकडेही २०१६ ला तेच. मार्चमधलं कॉकस सँडर्सनी ५७ टक्के मतं मिळवून जिंकलं, डेलिगेट १५-१०. मे महिन्यातल्या प्रायमरीत हिलरी पुढे, पण ती कशालाच बांधील नव्हती.

आयोवा सिटी

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. लेक अमेरिकन नागरिक. २०२० च्या ३ फेब्रुवारीला ती सतरा वर्षांची होती, पण नोव्हेंबरपर्यंत अठराची होणार असेल तर इथल्या कॉकसमध्ये भाग घेता येतो. मी बघे लोकांच्या खुर्च्यांवर, ती मधल्या मैदानात.

आमच्या प्रिसिंक्टला (म्हणजे वॉर्डाला) पाच डेलिगेट होते, राष्ट्रीय नव्हे, कौंटीच्या (जिल्ह्याच्या) अधिवेशनाचे. जमले १२० जण. प्रत्येक उमेदवाराचे लोक आपापल्या गटात उभे राहिले. गटात १५ टक्के म्हणजे १८ माणसं नसतील तर तो गट बाद, त्यातल्यांनी दुसऱ्या गटात जायचं. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या इच्छुकांत पहिल्या फेरीत सँडर्स ४६, बुटिजेज ३७, वॉरन २२, बायडन १५. बायडनवाले कमी पडले आणि मग जी ओढाओढ सुरू झाली! वॉरनच्या गटातली माझी लेक, जी घरी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, ती एका आजोबांना शिक्षण कर्जाबद्दल कळवळून सांगत होती. आजोबा कानाला हात लावून ऐकत होते. शेवटी काठी उचलली आणि हळूहळू चालत तिच्या गटात येऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अखेरची मोजणी ५०, ४२, २८. आता गणित: गटातली माणसं गुणिले पाच भागिले १२०. सँडर्स २.०८, बुटिजेज १.७५, वॉरन १.१७. जवळच्या पूर्ण आकड्यात दोन, दोन, एक. सँडर्सची आठ माणसं जास्त होती, ती त्या गोळाबेरजेत विरून गेली. शिवाय आमच्यासारख्या विद्यापीठाच्या गावात कितीही गर्दी झाली तरी प्रिसिंक्टचे डेलिगेट आधीच ठरलेले. राज्यभर अखेरच्या फेरीत सँडर्सना सुमारे अडीच हजार माणसं जास्त मिळाली होती, तरी राष्ट्रीय डेलिगेट बुटिजेजना १४ आणि सँडर्सना १२.

हेंडरसन, नेवाडा

मी रिपब्लिकन पक्षाचा नोंदणीकृत मतदार. २०२४ ला आमच्याकडे ६ फेब्रुवारीला राज्याच्या कायद्यानुसार प्रायमरी आणि ८ तारखेला पक्षाचं कॉकस. प्रायमरीत उभं राहिलेल्याला कॉकसमध्ये उतरता येणार नाही, हा पक्षाचा नियम. निकी हेली प्रायमरीत, ट्रम्प कॉकसमध्ये. घरी आलेल्या मतपत्रिकेत मला हवं ते नावच नव्हतं. आमच्या राज्यात आपल्या नोटासारखा "यांपैकी कोणीही नाही" असा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे. त्यालाच सुमारे ६३ टक्के मतं पडली, हेलींना ३० च्या आसपास. दोन दिवसांनी कॉकसमधून सगळेच्या सगळे २६ डेलिगेट ट्रम्पना. मी दोन्हीकडे गेलो. माझी पक्षावर निष्ठा आहे म्हणूनच सांगतो, एकाच मतपत्रिकेवर दोघांची नावं पाहायला मला आवडलं असतं.

रेडमंड, वॉशिंग्टन

ताई, एक राहिलं. २०२० पासून आमच्या राज्यात डेमोक्रॅट्सनी डेलिगेट प्रायमरीवरूनच ठरवायला सुरुवात केली. १० मार्चची ती प्रायमरी, करोना नुकताच आमच्या भागात पसरत होता. पाकीट चाटून बंद करू नका, ओला स्पंज वापरा, असं निवडणूक अधिकारी सांगत होते. मी आणि नवऱ्याने त्याच टेबलावर समोरासमोर बसून मतपत्रिका भरल्या, भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून पाकिटं बंद केली आणि सकाळी ड्युटीवर जाता जाता मी दोन्ही पेटीत टाकली.