मदत हवी आहे: मातृवंदना योजनेचा (बाळंतपणासाठी मिळणारे सरकारी पैसे) दुसरा हप्ता अडकलाय

बाईची नोंदणी सुरगाण्यात झाली. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीला आली, बाळंतपण इथेच. पहिलं अपत्य. 3000 जमा झालेत, 2000 अडकलेत. बाळाचा जन्मदाखला आहे, 14 आठवड्यांचा पेंटा लसीचा तिसरा डोसही झालाय. माता-बाल कार्डावर दिंडोरीच्या उपकेंद्राचा शिक्का आहे.

खातं तपासलं. (पासबुक दाखवून उपयोग नाही, पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात.) ते ठीक आहे. पण आधारवर माहेरचं नाव, कार्डावर सासरचं. घोळ इथेच असावा.

दुसऱ्या हप्त्याचा अर्ज सुरगाण्याच्या आशाताईंनीच भरायचा, की दिंडोरीतून भरता येतो? आणि आधी नाव कुठे दुरुस्त करायचं, आधारवर की कार्डावर? आधार बदललं तर जुनी नोंद जुळेल ना?