मदत हवी आहे: वाकडचं ऑफिस विकलं जात नाहीये

गाळेवाला_गोंधळलेला:
पुण्यात वाकडला ४२५ फुटांचं ऑफिस आहे, तिसरा मजला. ६२ लाखांना काढलंय, आठ महिने झाले. एजंट माणसं आणतो, ती खिडकीतून खाली वाकून बघतात, "कळवतो" म्हणतात आणि लिफ्टमध्ये शिरतात. शेवटची ऑफर ४४. शेजारी बिल्डर नवीन युनिट फुटाला १४ हजारांनी विकतोय, मग माझं का जाऊ नये? ४४ ला देऊन मोकळा होऊ का? पार्टी रविवारपर्यंतच थांबणार आहे.

कटिंग_चहा:
४२५ कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, की सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून?

गाळेवाला_गोंधळलेला:
सेलेबल. अ‍ॅग्रीमेंटवर कार्पेट २७०.

कटिंग_चहा:
हे आधी सांगायचं ना राव! म्हणजे तुम्ही कार्पेटला जवळपास २३ हजारांचा दर मागताय. २०१७ पासून रेरा कायद्यामुळे बिल्डरला कार्पेटवरच विकावं लागतं. त्याचे १४ खरंच कार्पेटचे असतील, तर २७० फुटांचे ३८ लाखही होत नाहीत. वर जीएसटी धरा. तरी ४४ वाल्याला चहा पाजा.

बाणेरकर७१:
विकू नका. हिंजवडी मेट्रो नीट चालू लागली की दुप्पट.

पेठी_पुणेकर:
तिचं भूमिपूजन २०१८ ला झालं. आमच्या मेव्हण्याने तेव्हाच याच भरवशावर गाळा घेतला. विचारा त्याला.

बाणेरकर७१:
मेव्हण्याने जागा चुकीची निवडली असेल.

भाडेकरी:
भाड्यावरून किंमत काढा. महिना २४ हजार म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. सहा टक्के परताव्याने ४८ लाख. आधी भाडेकरू बसवा, मग विका.

पेठी_पुणेकर:
२४? आमच्या मेव्हण्याला १५ चा मिळेना.

सुमा_ताई:
त्यापेक्षा तळेगावला एनए (बिगरशेती) प्लॉट घ्या, आमचा छान वाढलाय.

हिशेबनीस:
ऑफिस स्वतः वापरलंत का? सीएने घसारा, म्हणजे दरवर्षीच्या झिजेची वजावट, लावला असेल तर कितीही वर्षं ठेवलं तरी नफा अल्पमुदतीचाच धरतात. शिवाय रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दराने होणारं, मूल्य काढून बघा. ४४ त्याच्यापेक्षा फार खाली असेल, तर कर रेकनरच्या आकड्यावर बसेल.

गाळेवाला_गोंधळलेला:
वापरलं, सहा वर्षं. घसाऱ्याचं सीएला विचारतो.

कटिंग_चहा:
पार्किंग? ओसी, म्हणजे भोगवटा दाखला?

गाळेवाला_गोंधळलेला:
पार्किंग कॉमन. ओसी आहे, पार्ट. दुसऱ्या मजल्यापर्यंतची.

कटिंग_चहा:
आणि तुम्ही तिसऱ्यावर. म्हणजे तुमच्या मजल्याला ओसीच नाही, बँक अडू शकते. ४४ वाला कर्ज काढणार आहे की रोख?

गाळेवाला_गोंधळलेला:
विचारलं नाही. फोन करतो.