लिंकन, पेरिक्लीस आणि ती रिकामी तिरडी

प्रश्न:
मंडळी, काल रात्री दोन भाषणं एकामागोमाग मोठ्यानं वाचली. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचं, उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरचं (१९ नोव्हेंबर १८६३) आणि अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचं, इ.स.पू. ४३१च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये केलेलं. लिंकन तीन मिनिटांत आटोपला, पेरिक्लीसला अर्धा तास लागला.

दोघंही उभे राहतात युद्धात मेलेल्यांसाठी आणि बोलतात भलतंच. एक १७७६पासून, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यापासून सुरुवात करतो, दुसरा अथेन्सची आरती ओवाळतो. घरच्यांनी काय ऐकायचं? पेरिक्लीस निदान आईबापांकडे वळतो, पण सांगतो काय, तर वय असेल तर आणखी मुलं होऊ द्या! विधवांना सल्ला: पुरुषांत तुमची चर्चा कमीत कमी होवो. मला पुढे वाचवेना. लिंकन सरस वाटतो. चुकतोय का?

प्रतिसाद १:
थोडे चुकताय. पेरिक्लीसच्या भाषणाचा तो मजकूर इतिहासकार थुसिडिडीसनं लिहिलेला आहे. भाषणं शब्दशः लक्षात राहिली नाहीत, प्रसंगाला साजेसं लिहिलं, असं तो स्वतःच सांगून टाकतो. आणि इथेच थांबू नका. त्याच्या इतिहासात भाषणानंतर लगेच अथेन्समधल्या रोगाच्या साथीचं वर्णन येतं. लोक आपलं प्रेत दुसऱ्याच्या चितेवर टाकून निघून जातात. एवढी आरती आणि पाठोपाठ हे! शेजारीशेजारी ठेवलंय ते उगाच नव्हे.

प्रतिसाद २:
गेटिसबर्गला मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते. दोन तास बोलले, सुरुवातच अथेन्सच्या अंत्यविधीपासून. आज त्यातलं एक वाक्य कुणाला आठवतं का? लिंकननं शत्रूचं नावही घेतलं नाही, दोन्हीकडच्या मृतांना सामावून घेतलं. मोठेपण तिथे आहे.

प्रश्नकर्ता:
एव्हरेट वाचायला हवेत. पण 'दोन्हीकडच्या' हे पटत नाही. 'हे राष्ट्र जगावं म्हणून ज्यांनी प्राण दिले' असं लिंकन म्हणतो, म्हणजे उत्तरेचेच. ती दफनभूमीही त्यांचीच होती.

प्रतिसाद १ खरा. साथीचं प्रकरण वाचलं, मग उलटा मागे गेलो. भाषणाआधी थुसिडिडीस विधी सांगतो, ते मी काल घाईत ओलांडलं होतं. अस्थींच्या दहा पेट्या, दर जमातीमागे एक. आणि सोबत एक अंथरलेली रिकामी तिरडी, ज्यांचे देह सापडलेच नाहीत त्यांच्यासाठी.

गेटिसबर्गलाही शेकडो निनावीच पुरले गेले. लिंकन बोलला त्या दिवशी तर निम्मं दफनही झालेलं नव्हतं. दोन्ही भाषणं पुन्हा वाचतोय. त्या रिकाम्या तिरडीबद्दल एकातही अवाक्षर नाही.