परदेश प्रवासातले रोमिंग : सोय की आळसाची किंमत?

घाटवळण (धागाकर्ता)

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतील तीन कुटुंबे परदेशी निघाली आहेत आणि फोनचा विषय निघाल्यावर तिन्ही घरांत एकच उत्तर ऐकू आले : ‘आपल्याच कंपनीचे रोमिंग घेऊन टाकू, कटकट नको.’ या ‘कटकट नको’ची किंमत आपण कधी मोजतो का, असा माझा प्रश्न आहे. विमानाचे तिकीट घेताना हजार रुपये वाचवण्यासाठी आठवडाभर रात्री जागणारी माणसे रोमिंगच्या पॅकवर मात्र दर न पाहता बोट ठेवतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

रोमिंगचा दर हा खर्चावर ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या अडचणीवर ठरतो, हे माझे मत आहे आणि त्याला युरोपचा पुरावा आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांतील प्रवाशांसाठी रोमिंगचा वेगळा आकार बंद केला. त्याच वेळी एका देशातील कंपनीने दुसऱ्या देशातील कंपनीला द्यायच्या घाऊक दरावरही कमाल मर्यादा घातली. एका जीबीसाठी ती मर्यादा २०१७ साली ७.७० युरो होती, २०२२ साली २ युरोंवर आली आणि २०२७ मध्ये ती १ युरो होणार आहे. इतके होऊनही तिथल्या कंपन्यांचे दिवाळे निघालेले नाही. याचा अर्थ पूर्वी जे आकारले जात होते त्यातील बराच भाग निव्वळ नफा होता. भारतातही मोबाइल आल्यानंतर काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत आणि लोक नंबर पाहून फोन कापून टाकत व कोपऱ्यावरच्या पीसीओवरून उलट फोन करत. तेव्हाही ‘तंत्रज्ञानच महाग आहे’ असेच सांगितले जात होते.

पर्याय कठीणही नाहीत. बँकॉकच्या विमानतळावर पासपोर्ट दाखवून प्रवाशांसाठीचे सिम मिळते आणि टॅक्सीच्या रांगेत पोहोचेपर्यंत ते चालूही झालेले असते. फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे वेगळे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमची, सोय असेल तर घरी बसूनच क्यूआर कोड स्कॅन करून जाता येते. एवढे सोपे असताना दिवसाच्या हिशेबाने पैसे देत राहणे हा मला आळस वाटतो. वेगळे मत असल्यास ते कारणांसह वाचायला आवडेल.

दुसरा मुक्काम

आळस हा शब्द मला मान्य नाही. मी गेल्या वर्षी आईवडिलांना घेऊन एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. दोघेही सत्तरीच्या पुढचे. पहाटे विमान उतरल्यावर बस बाहेर उभी असते, सहलप्रमुख हातात झेंडा घेऊन पुढे निघालेला असतो आणि चाळीस माणसे त्याच्या मागे चालत असतात. त्या वेळी सिमच्या दुकानासमोर उभे राहून तिथल्या मुलीला पासपोर्ट देणे, तिची भाषा समजून घेणे आणि नखाएवढे भारतीय सिम काढून पाकिटात जपून ठेवणे, हे सगळे वडिलांनी करावे अशी अपेक्षा आहे का? ते सिम हॉटेलच्या गालिच्यावर पडले तर घरी परतेपर्यंत त्यांच्या बँकेचा एकही संदेश येणार नाही. माझ्या लेखी रोमिंगचे पैसे हे डेटाचे पैसे नाहीत. ‘बाबा कुठे आहेत’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्षणी, त्यांच्या नेहमीच्याच नंबरावर मिळावे, यासाठी मी ते देतो.

दुसरा मुद्दा चीनचा. कामासाठी शांघायला गेलो असताना भारतीय रोमिंगवर माझे व्हॉट्सॲप आणि जीमेल सुरळीत चालू होते. बरोबरच्या सहकाऱ्याने स्वस्त म्हणून तिथले सिम घेतले आणि त्याच्या फोनवर यापैकी काहीही उघडेना, कारण तिथल्या सिमला तिथली बंधने लागू होतात. पैसे वाचले, पण घरी बोलायला तो माझ्या हॉटस्पॉटवर येऊन बसत असे.

तारायंत्र

मोबाइल कंपनीच्या नेटवर्क विभागात काही वर्षे काम केले असल्यामुळे दोघांनाही थोडे टोकतो.

रोमिंगमध्ये फोन परदेशी टॉवरला जोडलेला असला तरी डेटा सहसा आधी आपल्या मूळ कंपनीच्या यंत्रणेकडे परत येतो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणून शांघायमधील भारतीय सिमला चीनची गाळणी लागत नाही. मात्र याच कारणाने न्यूयॉर्कमध्ये उभे राहून समोरच्या चौकातील उपाहारगृह शोधले तरी तो प्रश्न भारतात येऊन परत जातो आणि नेट रेंगाळल्यासारखे वाटते. रेंज पूर्ण दिसत असताना पान उघडत नाही, अशी तक्रार रोमिंगवर वारंवार येते ती बऱ्याचदा यामुळेच.

आता घाटवळण यांच्या ई-सिमबद्दल. प्रवाशांना विकली जाणारी बरीच ई-सिम ही ‘तिथली’ नसतातच. जपानसाठी म्हणून घेतलेले ई-सिम हाँगकाँगच्या किंवा सिंगापूरच्या कंपनीचे असू शकते आणि ते जपानमध्ये रोमिंगच करत असते. म्हणजे रोमिंगला नावे ठेवून आपण जे विकत घेतो तेही रोमिंगच असते. फरक एवढाच की ते घाऊक भावाने घेऊन विकणाऱ्याकडून घेतलेले असते. त्यात गैर काही नाही, उलट घाटवळण यांचा दराचा मुद्दा त्याने बळकटच होतो. परंतु अशा ई-सिमबरोबर बहुतेक वेळा फोन नंबर मिळत नाही, केवळ डेटा मिळतो. जपानमध्ये तर पर्यटकांना विकली जाणारी साधी सिमसुद्धा बहुतांशी डेटापुरतीच असतात, आणि हॉटेलला किंवा दवाखान्याला फोन करायची वेळ आली की हे ध्यानात येते.

आणखी एक बाब. परदेशी कंपनीचे सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये ऐरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची ॲप भारतातील ॲपल व गूगलच्या ॲप-दुकानांतून काढण्यात आली होती. तेव्हा ‘घरी बसून क्यूआर कोड’ हे वाक्य लिहिताना तो कोड कुणाकडून घ्यायचा, हेही लिहायला हवे.

चिवट वाचक

परदेशाचे जाऊ द्या. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागते, हे श्रीनगरला उतरल्यावर कळणारी मंडळी मी दर वर्षी पाहतो. ज्यांना मायदेशात हे ठाऊक नसते त्यांना बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सिम बदलायला सांगणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहीर स्वस्त आहे म्हणून ढकलण्यासारखे आहे.

सोनचाफा

चर्चा दराची आणि वेगाची चालली आहे, म्हणून आमच्यासारख्यांची बाजू मांडते. मी आणि माझे यजमान दर दोन वर्षांनी मुलाकडे न्यू जर्सीला जातो आणि जवळजवळ सहा महिने राहतो. तिथे डेटाची चिंता नसते. घरात वायफाय असते आणि मुलाने आम्हाला त्यांच्या कुटुंबाच्या योजनेत एक स्थानिक नंबर घेऊन दिला आहे. तरीही प्रत्येक खेपेला खरी ओढाताण होते ती पुण्याच्या नंबरासाठी. मुदत ठेवीचे नूतनीकरण, विम्याचा हप्ता, बंद फ्लॅटचे वीजबिल, भाच्याच्या लग्नाला पाठवायचे पैसे, कशालाही हात लावला की ओटीपी येतो आणि तो त्या एकाच नंबरावर येतो. पूर्वी सही आणि अंगठा होता, आता ते काम सिमकार्ड करते.

पहिल्या खेपेला आम्ही ‘वापरणारच नाही तर रिचार्ज कशाला’ असे म्हणून सिम कपाटात ठेवले. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस कॉल, संदेश, डेटा असा कोणताच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, हे तेव्हा माहीत नव्हते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन मुदत वाढते अशी दूरसंचार नियामकाची तरतूद आहे. आमच्या खात्यात तेवढेही नव्हते. नंबर गेला. परत आल्यावर बँकेच्या शाखेत नंबर बदलण्याचा अर्ज, आधारवर नंबर बदलण्यासाठी केंद्रात रांग, गॅसच्या एजन्सीत पुन्हा तेच. यजमानांचा संताप तर विचारू नका.

पुढच्या खेपेला शहाणपण आले, पण फोन जुना होता. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली ३जी सेवा बंद केली, त्यामुळे ज्या फोनमध्ये ४जीवरून आवाज नेण्याची सोय रोमिंगमध्ये चालत नाही, त्यावर कॉलची सेवा मिळणे अवघड होऊन बसते. आमच्या फोनला रेंजच मिळेना. म्हणून माझे म्हणणे असे की ‘रोमिंग की सिम’ हा प्रश्नच अपुरा आहे. डेटा कुठलाही घ्या, पण भारतीय नंबर जिवंत आणि संदेश घेण्याच्या स्थितीत ठेवा.

घाटवळण

सोनचाफा, तुमचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. भारतीय सिम फोनमधून काढू नये, हे निर्विवाद. यूपीआयची बहुतेक ॲपही नोंदवलेले सिम फोनमध्ये आहे का हे तपासतात. भूतानमध्ये २०२१ पासून आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरला फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय स्वीकारले जाऊ लागले, पण सिम पाकिटात असेल तर त्याचा उपयोग शून्य. परंतु आज भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये दोन सिमची सोय सर्रास असते. एका खणात भारतीय सिम, त्यावर डेटा रोमिंग बंद आणि येणाऱ्या संदेशांपुरते साधे रोमिंग सुरू. दुसऱ्या खणात तिथले सिम. रोमिंगवर येणाऱ्या संदेशाला सहसा पैसे पडत नाहीत. फक्त अनोळखी कॉल उचलायचा मोह टाळायचा, कारण पॅक नसताना उचललेल्या कॉलचे बिल लागते. या व्यवस्थेत नंबरही जिवंत राहतो आणि महागडा पॅकही लागत नाही. त्यामुळे माझे मूळ म्हणणे मी मागे घेत नाही.

आणि दुसरा मुक्काम यांनी सांगितलेल्या युरोपच्या सहलीत तर माझीच बाजू वरचढ आहे. फ्रान्समध्ये घेतलेले साधे सिम जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया आणि संघाबाहेरच्या नॉर्वे व आइसलँडमध्येही जादा आकाराशिवाय चालते. डेटाची मर्यादा तेवढी पाहून घ्यावी लागते.

दुसरा मुक्काम

तुमच्या यादीत स्वित्झर्लंड नाही, हे तुमच्या लक्षात आले का? स्वित्झर्लंड ना युरोपीय संघात आहे ना नॉर्वे-आइसलँडसारखे युरोपीय आर्थिक क्षेत्रात, त्यामुळे २०१७ चा तो नियम तिथे लागू होत नाही. आणि बर्फात उभे राहून काढलेला फोटो घरी पाठवल्याशिवाय मराठी माणसाची युरोपची सहल पुरी होत नाही. काही कंपन्या स्वित्झर्लंडचा समावेश स्वतःहून करतात, काही करत नाहीत. ब्रिटनचीही ब्रेक्झिटनंतर तीच गत आहे. म्हणजे छापील अटींत देशांची यादी वाचायला पुन्हा मीच हवा.

तारायंत्र

यादी वाचण्याचे काम भारतीय पॅक घेणाऱ्यालाही चुकत नाही. माझ्या एका प्रवासात पॅक मुक्कामाच्या देशाचा होता, विमान मात्र आखातातल्या एका शहरात पाच तास थांबले. त्या देशाचा पॅकात समावेश नव्हता. डेटा रोमिंग मी घरूनच चालू करून निघालो होतो, त्यामुळे फोनने उतरल्याबरोबर आपले सगळे फोटो वर चढवायला सुरुवात केली. कंपनीचे नाव सांगत नाही. बिलावर तिने पुढे थोडी सूट दिली, पण चूक माझीच होती. क्रूझवरही असेच घडते. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर कोणत्याही देशाच्या पॅकात धरलेले नसतात. थांब्यावर आणि जहाजावर फोन विमान मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू करावे.

दुबईला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचे संदेश आणि फोटो जातात, पण त्यावरून कॉल लागत नाहीत. आईवडिलांना हे आधी सांगितले नाही तर ‘मुलगा फोन उचलत नाही’ म्हणून घर डोक्यावर घेतले जाते.

घाटवळण

स्वित्झर्लंडची चूक मान्य. तरीही विचारतो : कुटुंबात चार फोन असतील तर चारही फोनवर पॅक कशाला? एका फोनमध्ये तिथले सिम आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर, एवढे तरी पटते का?

दुसरा मुक्काम

संध्याकाळी हॉटेलात पटते. दिवसा संग्रहालयात आई एका दालनात, वडील दुसऱ्या दालनात आणि हॉटस्पॉटवाला मी स्वच्छतागृहाच्या रांगेत, अशी स्थिती असते. तेव्हा तडजोड अशी : माझ्या फोनमध्ये यापुढे तिथले सिम घेईन, आईच्या फोनमध्ये दुसरा खण रिकामा आहे तिथेही घालून पाहीन. वडिलांच्या फोनवर मात्र रोमिंगच राहील, आणि त्यांचे सिम मी कुणाला काढू देणार नाही.