साखर पेठेतलं जुनं घर, दीड फुटी दगडी भिंत: कटर घ्यावा की 9 इंची ग्राइंडर?

पांढरीचं घर

नमस्कार मंडळी. साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. खालचा मजला काळ्या दगडाचा. भिंत दीड फुटाची, आतून-बाहेरून दगड आणि मधे पांढरी माती नि कपच्या. वरच्या दोन खोल्या सासऱ्यांनी नंतर विटांत बांधल्या, त्यांच्यामधली भिंत साडेचार इंची. मी शाळेत शिकवते, त्यामुळे जे काय करायचं ते मे महिन्यात, भर उन्हात.

कामं तीन आहेत. वरच्या खोल्यांतलं लाकडी पट्टीवरचं वायरिंग काढून भिंतीत पाइप घ्यायचे. अंगणात आणि न्हाणीत शहाबादी फरशी बसवायची, अडीचशे चौरस फूट होईल. आणि खालच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही, तिथं चार बाय तीनची खिडकी काढायची.

मिस्त्री कामाला चांगले, पण त्यांच्या ग्राइंडरला गार्ड (चकतीवरचं लोखंडी झाकण) नाही आणि तोंडाला नुसता रुमाल. म्हणून मशीन मीच घेऊन द्यावी म्हणते. नव्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "मॅडम, 9 इंची ग्राइंडर घ्या, एका मशीनमध्ये सगळं होतंय." दिरांनी मोबाइलवर काँक्रीट कापणाऱ्या चेनसॉचा व्हिडिओ दाखवला. मिस्त्री म्हणतात, मार्बल कटर बास. बजेट दहा हजार, ब्लेडसकट. सासूबाईंना दमा आहे आणि नळाला पाणी चार दिवसांआड येतं. हे धरून सांगा.

वायरमन, जुळे सोलापूर

पाइपच्या झिरीसाठी वॉल चेसर नावाची मशीन असते. दोन ब्लेड शेजारी-शेजारी, एकदम दोन रेघा पडतात, मधला भाग छिन्नीनं उडवायचा. धूळ ओढायचा पाइप पण लागतो तिला. पण दोन खोल्यांसाठी विकत घेऊ नका, परवडत नाही. मी स्वतः साध्या कटरनंच दोन रेघा मारतो. मारायच्या आधी मेन बंद आहे का ते टेस्टरनं बघा. जुन्या घरात भिंतीत काय निघेल सांगता येत नाही.

आर्मेचर अण्णा

ताई, मी 22 वर्षं झाली अशोक चौकाच्या बाजूला मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळतोय. आधी पॉवरलूमच्या मोटारी यायच्या, आता निम्मं काम ग्राइंडर नि कटरचं हाय. मी मशीन विकत नाय, जळाल्यावर उघडून बघतो. त्यामुळं कंपनी कुठली चांगली ते मला विचारू नका. बॉश येतंय, मकिटा येतंय, डिवॉल्ट येतंय, बिननावाचं तर पोत्यानं येतंय. उघडलं की आत बहुतेक एकच गोष्ट दिसते. लहान मशीन, मोठं काम, आणि वरून माणसानं दिलेला दाब.

ब्लेड दाबलं की मोटारीचे फेरे पडतात. थंड करायचा पंखा आर्मेचरवर, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागावरच, बसलेला असतो, म्हणजे फेरे पडले की हवा पण पडली, आणि करंट मात्र वाढला. वार्निशचा वास आला की लोक थांबतात. तेव्हा उशीर झालेला असतो. माझं ऐका, मशीनच्या वजनानं कापू द्या, हात फक्त रेघ धरायला. आणि जोरात कापून झाल्यावर लगेच बंद करायचं नाय, अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवायची, म्हणजे आतली गरमी निघून जाते. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 वर असतोय, तेव्हा तर हे पाळाच.

आता तुमचे मिस्त्री. मशीनच्या बाबतीत त्यांचं बरोबर हाय, दुकानदाराचं चूक. 110 एमएमचा मार्बल कटर घ्या. खाली लोखंडी पाटा असतोय, त्यावर खोली बांधता येते, ब्लेड साधारण 30 एमएमपर्यंत आत जातंय. शहाबादी फरशी बहुतेक एक ते सव्वा इंच. एका फेऱ्यात नाय झाली तर उलटी करून दुसऱ्या बाजूनं रेघ मारा. झिरी पण त्याच मशीननं होते. ग्राइंडर लागतोय तो कोपऱ्यात, न्हाणीच्या जाळीभोवती गोल काढायला, दगडाचं टोक मारायला. तो 4 किंवा 5 इंची असला तरी बास.

9 इंचीचं सांगतो. मशीनच पाच-सहा किलोची, 2000 वॉटच्या वर. चालवताना नऊ-दहा अँपिअर ओढते, सुरू होताना झटका वेगळाच. तुमच्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगवर लावली तर आधी वायरिंगच कापून होईल! तिला 15 अँपिअरचा पॉइंट लागतोय आणि जाड केबल. बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं नि परत माझ्याकडं येते. शिडीवर चढून, खांद्याच्या वर धरून तर कधीच नाय. ब्लेड अडकलं की मशीन अंगावर येते, आणि ही उलटली तर धरणाऱ्याचं काय चालत नाय. आणि एवढं करून कापते किती? 70 एमएमच्या आसपास.

एक प्रकार मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा 4 इंची ग्राइंडर घेऊन आला, त्यावर गार्ड काढून 7 इंची चकती बसवलेली. म्हणे खोल जातंय, अण्णा. चकतीवर लिहिलेलं असतंय सेकंदाला 80 मीटर, म्हणजे कडेचा वेग त्याच्या पुढं न्यायचा नाय. 4 इंची मशीन मिनिटाला 11,000 फेरे फिरते. 4 इंची चकतीची कड त्या फेऱ्यावर 58 मीटरनं पळते, चालतंय. तिथंच 7 इंची लावली की 103 मीटर. मोठी मशीन मुद्दाम हळू फिरते बघा, 9 इंची साडेसहा हजारच. मी त्या पोराला मशीन गार्ड बसवूनच परत दिली, पैसे पण घेतले. शिव्या घालत गेला.

ब्लेडचं लई लोकांना माहीत नसतंय. डायमंड ब्लेडला दात नसतात. धातूत हिऱ्याची बारीक खडी बसवलेली असते. धातू झिजत जातो, नवी खडी उघडी पडते, तीच कापते. म्हणून कडक दगडाला मऊ धातूचं ब्लेड लागतंय, आणि वीट-सिमेंटसारख्या खरखरीत मालाला कडक धातूचं. उलटं बोलतोय असं वाटेल, पण तसंच हाय. विटेचं ब्लेड काळ्या दगडावर लावलं तर धातू झिजत नाय, खडी गुळगुळीत होते, ब्लेड चमकायला लागतंय, ठिणग्या उडतात आणि कापत काय नाय. मग माणूस दाबतोय. मग मी. असं ब्लेड फेकू नका. सिमेंटच्या ब्लॉकमध्ये चार-पाच वेळा हलकं चालवा, परत धार येते.

तुम्हाला दोन ब्लेड लागतील. विटेच्या भिंतीला खाचा असलेलं, शहाबादीला सलग कडेचं, म्हणजे कड तुटत नाय. शहाबादी चुनखडीचा दगड, कलबुर्गीच्या पुढनं येतोय, कडप्प्यासारखाच मऊ कापतोय. काळ्या दगडाचं तिसरं ब्लेड खिडकीचा निकाल लागल्यावर बघू. कटरच्या ब्लेडचं भोक 20 एमएम असतंय, 4 इंची ग्राइंडरला 16 चं. एकाचं दुसऱ्यावर लावायचं तर मधे बरोबर मापाची रिंग पाहिजे. लोक तसंच आवळतात, ब्लेड एका बाजूला बसतं, थरथरतं, बेअरिंग जातंय. ब्लेडवर बाण असतो, तो फिरायच्या दिशेनंच. लाकडाचं दाताचं ब्लेड ग्राइंडरवर कोणी लावलेलं दिसलं तर काम थांबवा आणि घरी पाठवा त्याला.

लिंटल लेव्हल

सिव्हिल इंजिनिअर आहे, विजापूर रोडला ऑफिस. अण्णांनी मशीनचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो.

खिडकीसाठी कुठलंच कटर घेऊ नका. 9 इंचीनं दोन्ही बाजूंनी कापलं तरी 140 एमएम होतं, भिंत 450 ची आहे. आणि कापून होईल ते फक्त तोंडाचे दगड, मधली माती सुटून खाली येईल. अशा भिंतीतला दगड कापायचा नसतो, एकेक काढायचा असतो. आधी वरच्या मजल्याच्या तुळयांना दोन्ही बाजूंनी टेकू. मग खिडकीच्या वरच्या पातळीला भिंतीच्या अर्ध्या जाडीची खाच घेऊन तिथं अर्धा लिंटल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई), तो घट्ट झाला की दुसऱ्या बाजूनं उरलेला अर्धा. त्याच्या खालचे दगड नंतर छिन्नी-हातोड्यानं वरून खाली सोडवत यायचं. ग्राइंडर फक्त गिलाव्यावर रेघ मारायला आणि शेवटी कडा सारख्या करायला. वरच्या खोल्यांचा भार त्या भिंतीवर आहे, त्यामुळे कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पहिला दगड हलवू नका.

झिरीचं: आयएस 1905 या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत. तुमच्या साडेचार इंची भिंतीत आडवी पाऊण इंचच बसते, म्हणजे 19 एमएम. त्यात 25 चा पाइप जाणारच नाही. त्या भिंतीत आडवे पाइप नकोतच, वरून उभे सोडायला सांगा. वायरमन लोक कंबरेच्या उंचीला एक लांब आडवी झिरी मारतात, पाइप वाचतो म्हणून. त्याला नाही म्हणा.

दिरांच्या चेनसॉबद्दल: ती मशीन खरी आहे, डायमंडची साखळी असते आणि पाणी सतत लागतं. स्लॅबला, काँक्रीटच्या भिंतीला चौकोन पाडायला उत्तम. मातीत बसवलेल्या दगडांना ती काय करणार?

पांढरीचं घर

बापरे. खिडकीचं ऐकून घाम फुटला, बरं झालं विचारलं. सर, तुमच्यासारख्या कोणाला तरी बोलावतेच. आता धूळ आणि पाणी राहिलं. कटरला पाण्याची नळी लावतात म्हणे, पण आमच्याकडे पाणी मोजून. आणि विजेच्या मशीनवर पाणी, याचीही भीती वाटते.

आर्मेचर अण्णा

भीती बरोबर हाय. पाणी घालायचं तर मशीन 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवरनंच चालवायची, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचवरनं. तुमच्या घरात नसणार. वायरिंग बदलताय तर पहिलं काम तेच करून घ्या, फरशी नंतर. साध्या ग्राइंडरवर पाणी सोडायचंच नाय, त्याच्या तोंडाशी हवेची भोकं असतात. कटर चालतोय, पण नळी नको. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा, बिगारी ब्लेडच्या पुढं रेघेवर थेंब-थेंब सोडेल. तुमच्या अडीचशे फुटात सगळ्याच फरश्या थोड्याच कापायच्या, कडेच्याच. दिवसाला एक-दोन बादल्या बास, बोअरचं चालतंय. फरश्या अंगणात कापा, पाणी वाहून जाऊ दे. तो पांढरा चिखल गटारीत सोडू नका, वाळला की दगड होतोय.

झिरी कोरड्याच माराव्या लागतील, फार तर आधी भिंतीवर फवारा मारा. वीट, वाळू, सिमेंट, सगळ्यात सिलिका असते. जी धूळ दिसते ती खाली बसते. जी दिसत नाय ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाय. माझ्याकडं एक ग्रॅनाइटवाला यायचा, किचन ओटे करायचा. पंधरा वर्षं कोरडं कापलं, तोंडाला उपरणं. आता दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबतोय. डॉक्टर म्हणाले, हे बरं होत नाय, आता फक्त वाढू द्यायचं नाय. त्याची मशीन मात्र अजून चांगली हाय, त्याचा मुलगा वापरतोय. मी त्याला मास्कचं दर वेळी बोलतो.

मिस्त्रींना एन-95 द्या, बिगाऱ्याला पण द्या, दाढी असेल तर मास्क नीट बसत नाय हे पण सांगा. चष्मा बाजूनं झाकलेला. सासूबाईंना दोन दिवस लेकीकडं पाठवा. दाराला सोलापुरी चादर ओली करून लावा, दर तासाला परत भिजवा. झाडू मारायचा नाय, ओल्या फडक्यानं पुसायचं. घरचा व्हॅक्यूम लावू नका, बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीतच येते, वर त्याची मोटार माझ्याकडं.

वायरमन, जुळे सोलापूर

बॅटरीचा ग्राइंडर घेतला तर वायरची भानगडच नाही ना अण्णा?

आर्मेचर अण्णा

कोपरे मारायला मस्त. दिवसभर झिरी मारायला दोन-तीन बॅटऱ्या फिरवाव्या लागतील, आणि ताईंचं बजेट पहिल्याच बॅटरीत संपतंय.

पांढरीचं घर

ठरलं. 110 चा मार्बल कटर, दोन ब्लेड, मास्कची पेटी, ईएलसीबी. ग्राइंडर मिस्त्रींचाच. त्यांना गार्ड कुठंय विचारलं, तर पिशवीतून काढून दाखवला. त्यात खडू आणि तंबाखूची पुडी ठेवत होते, वाटी म्हणून! आता बसवायचाय, पण त्याचा स्क्रू नाही. रविवारी दुकान उघडं असतं का अण्णा?

आर्मेचर अण्णा

रविवारी बंद. शनिवारी सातच्या आत या, स्क्रू माझ्याकडं डबाभर हायेत. पाना मात्र तुमचा घेऊन या. माझे चार पाने लोकांनी नेले ते अजून परत येलालेत.