फायलींबरोबर फाँटही जपून ठेवा

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुन्या संगणकावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली टाकण्याआधी काय तयारी करावी, या प्रश्नावर 'फायलींची प्रत घ्या' असा सल्ला दिला जातो. ते योग्यच आहे, पण आपल्या सीमाभागात तेवढ्याने भागत नाही. इथल्या अनेक घरांत अर्ज आणि पत्रे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत असतात, आणि त्यांतली बरीच जुनी कागदपत्रे श्री-लिपी किंवा नुडी या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या, युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी समान अक्षरपद्धती रुळण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेली असतात. तो फाँट नसेल तर फाइल उघडते, परंतु अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. खानापूरच्या माझ्या काकांचे वाटणीपत्र मी असेच पाहिले आहे. म्हणून विंडोजमधील फाँटचा फोल्डरही वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवा.

त्याच डिस्कच्या 'डी' ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडल्यास तोही जातो. लिनक्सबरोबर विंडोजही ठेवायचे असेल तर फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि विंडोजचे विभाजन (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने डेस्कटॉप यूपीएसवर असल्याखेरीज विभाजनाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.